हाड नाही, नस नाही, मग दुखतंय काय?

गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या क्लिनिकात येणारे बहुतेक जण एक्स-रेचं पाकीट काखेत मारूनच येतात. पाकीट उघडायच्या आधी स्वतःच सांगून टाकतात, "हाड बरं आहे म्हणाले." आणि लगेच पुढे, "म्हणजे नसच असणार." आपल्याकडे दुखणं म्हटलं की ही दोनच नावं पुढे येतात. हाड नसेल तर नस.

चेंडू अडवताना गुडघ्यात टक् झालं, खांदा वर जाईना, सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते, कमरेची गादी सरकली. यातलं बरंचसं हाडाचंही नसतं आणि नसेचंही नसतं. ते या दोघांच्या मधल्या भागाचं असतं. हाडाला हाड बांधणारं लिगामेंट, स्नायूला हाडाशी जोडणारं टेंडन, गादी, सांध्याचं वेष्टण, तळपायाचा जाड पडदा, कूर्चा, ही सगळी एकाच घरातली मंडळी. शास्त्रात या घराला संयोजी ऊती म्हणतात. शाळेत तिचा धडा चार ओळींत उरकतात आणि पुढे आयुष्यभर ती कोणाला आठवत नाही, दुखेपर्यंत.

मला तिच्याबद्दल लिहायचं आहे ते एवढ्यासाठी की ती निर्जीव भराव नाही. ती जिवंत आहे, तिच्यावर पडणारा भार तिला कळतो, आणि तिची स्वतःची चाल आहे. ही चाल फार संथ आहे. ती ओळखली नाही की माणसं एक तर घाई करून सगळं पुन्हा तोडून घेतात, नाहीतर भीतीने सहा महिने हलत नाहीत. दोन्ही प्रकारचे पेशंट मी रोज बघते.

आधी ती दिसते कशी ते सांगते. त्यासाठी कुठे जायला नको. रविवारी कोंबडी आणली की तिची कातडी मांसापासून ओढून बघा. मधे एक पातळ, पारदर्शक, ओलसर जाळं ताणलं जातं आणि तुटतं. बोटाला किंचित चिकटतं. तीच सैल संयोजी ऊती. तंगडीच्या टोकाला मांस संपून जी पांढरी, चकचकीत, सुरीला दाद न देणारी पट्टी हाडाला जाऊन चिकटते ते टेंडन. हाडाच्या टोकावरचा निळसर पांढरा गुळगुळीत भाग म्हणजे कूर्चा. आणि मांसाच्या दोन तुकड्यांमधला तो पडदा, जो साफ करताना आपण काढून टाकतो, तो फेशिया.

बेळगावला शिकत असताना डिसेक्शनच्या टेबलावर आम्हीही हेच करायचो. स्नायू पुस्तकातल्या चित्रासारखा स्वच्छ दिसावा म्हणून चिमट्याने तासन् तास हे पडदे सोलत बसायचो आणि ते सगळं बादलीत जायचं. त्या चित्रांत लाल स्नायू सुटेसुटे दिसतात. खऱ्या शरीरात एकही स्नायू सुटा नसतो. प्रत्येक तंतूला आवरण, तंतूंच्या जुडीला आवरण, पूर्ण स्नायूला आवरण, आणि ही सगळी आवरणं टोकाशी एकत्र येऊन टेंडन होतात. स्नायू आकसतो, पण ती ओढ हाडापर्यंत पोचवतात ही आवरणं. ती नसतील तर स्नायू जागच्या जागी आकसून थांबेल, हात उचलला जाणार नाही.

शरीरात मूळ ऊती चार प्रकारच्या. आवरण घालणारी, स्नायूंची, चेतांची आणि ही. पहिल्या तिघींत पेशी दाटीने बसलेल्या असतात. हिच्यात मात्र पेशी विरळ, आणि त्यांनी स्वतःभोवती जे रचून ठेवलंय ते महत्त्वाचं. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलाजेनचे धागे तयार करून बाहेर सोडतात. काही ठिकाणी ताणून परत मूळ लांबीला येणारे इलॅस्टिनचे धागे. भोवती पाणी धरून ठेवणारं चिकट द्रव्य. धागे किती, कोणत्या दिशेने, द्रव्य किती आणि त्यात खनिज आहे की नाही, एवढ्यावर सगळं ठरतं. टेंडनमध्ये ओढ एकाच दिशेची, म्हणून धागेही समांतर. कातडी सगळीकडून ताणली जाते, म्हणून तिच्यात ते आडवेतिडवे गुंतलेले. कूर्चेत द्रव्य जास्त, पाणी जास्त. हाडात धाग्यांवर खनिज चढलेलं. हो, हाडसुद्धा याच घरातलं. चरबी आणि रक्तही इथलंच. रक्ताचं द्रव्य पातळ आहे आणि त्यात धागे दिसतात ते गाठ धरते तेव्हा.

हाडाबद्दलचा एक प्रयोग घरात मुलं असतील तर जरूर करा. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभरात आम्लाने खनिज विरघळतं आणि हाड हाताने वाकतं. आकार तसाच राहतो, ताठपणा जातो. उरतं ते मुख्यतः कोलाजेन. उलट हाड जाळलं तर कोलाजेन जळून जातं, खनिज उरतं आणि बोटाने दाबलं की भुगा होतो. सुक्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, म्हणून आपण कॅल्शियम कॅल्शियम करतो. पण हाड ठिसूळ न होता भार झेलतं ते उरलेल्या तिसऱ्या भागामुळे.

हे कोलाजेन आपल्या शरीरातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. एकूण प्रथिनांच्या पाव हिश्शाहून जास्त. त्याचे आजवर 28 प्रकार मोजलेत, पण हाड, कातडी, टेंडन आणि लिगामेंट यांत मुख्यतः पहिला प्रकार आणि कूर्चेत दुसरा. त्याची रचना कशी आहे हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यात जगभरच्या मोठ्या प्रयोगशाळांना छळत होता, आणि त्याचं उत्तर मद्रासहून आलं याचा मला विद्यार्थिदशेपासून अभिमान आहे. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या दोघांनी कांगारूच्या शेपटीच्या टेंडनचे क्ष-किरण फोटो अभ्यासून 1954 मध्ये 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारून पीळदार केली. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन, कारण तीन साखळ्या मधे जिथे एकमेकींना भिडतात तिथे याहून मोठं अमिनो आम्ल मावतच नाही. आपल्याकडे काथ्याचा सुंभ वळताना एका पिळावर उलटा पीळ देतात आणि म्हणून तो ओढला की सुटायच्या ऐवजी आवळतो, तसंच इथेही आहे: एकेका साखळीचा पीळ डावा, तिघींचा मिळून उजवा.

स्वयंपाकघरात याच कोलाजेनमुळे बांगडा दोन कढांत शिजतो आणि मटणाला शिट्ट्यांवर शिट्ट्या द्याव्या लागतात. माशाच्या अंगात संयोजी ऊती कमी, आणि तिचं कोलाजेन कमी उष्णतेत सैल पडणारं. बकऱ्याचं चिवट. ते ओल्या उष्णतेत बराच वेळ ठेवलं की पीळ उलगडतो आणि त्याचं जिलेटिन होतं. पायांचं सूप गार झाल्यावर थिजतं ते त्यामुळेच. "मग डॉक्टर, पायांचं सूप पिऊन गुडघा भरून येईल का?" हा प्रश्न मला ठरलेला. हल्ली त्याच्या जोडीला कोलाजेनच्या पावडरचे महागडे डबे आलेत. पोटात गेलेलं कोलाजेन पचतं, त्याचे तुकडे होतात, ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. सूप आवडत असेल तर जरूर प्या. शरीराला कोलाजेन रचायला प्रथिनं लागतात, आणि ती डाळीतून, माशातून, अंड्यातूनही मिळतात.

प्रथिनांइतकंच लागतं ते क जीवनसत्त्व. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याच किनाऱ्यावरून सुरू होते. कारवारसमोरचं अंजदीव बेट कागदोपत्री गोव्याचं. 1498 च्या ऑक्टोबरात वास्को द गामाची जहाजं तिथून आफ्रिकेकडे परत निघाली. वारा उलटा, मधेमधे अजिबातच नाही. अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. सफरीवरच्या एकाने लिहून ठेवलेल्या रोजनिशीत आहे की माणसांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना, पाय सुजले, अंग सुजलं आणि तीस माणसं मेली. जहाजं चालवायला पुरेसे हात उरले नव्हते. जानेवारीत मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवल्याचीही नोंद आहे.

तो स्कर्व्ही होता. कोलाजेनच्या साखळ्यांचा पीळ शरीराच्या उष्णतेत टिकावा म्हणून त्यांच्यावर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो, आणि तो करणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर पेशी कोलाजेन नीट रचू शकत नाहीत. जुनं झिजत राहतं, नवं येत नाही. मोठा फटका हिरड्यांना आणि दातांना, कारण दाताला जबड्याशी धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं कोलाजेन फार झपाट्याने बदलत असतं. जहाजावरचा दुसरा प्रकार याहून अंगावर येणारा आहे. अठराव्या शतकात ॲन्सन या इंग्रज दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेत एका म्हाताऱ्या खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली लढाईतली जखम पुन्हा उघडली, असं त्या सफरीच्या वृत्तांतात आहे. म्हणजे भरलेली जखम "भरून झाली" असं कधीच नसतं. व्रणातलं कोलाजेन आयुष्यभर मोडत आणि रचलं जात असतं. रचणं थांबलं की पन्नास वर्षांचा व्रणही सुटतो.

बकरी स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाला ते जमत नाही, रोज खाण्यातूनच घ्यावं लागतं. आपल्याला त्याची ददात नाही. आवळा, पेरू, लिंबू, आणि उन्हाळ्यात रानभर पडणारी काजूची बोंडं. बोंडात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं. ज्या पोर्तुगिजांची माणसं त्याच्यावाचून समुद्रात मेली, त्यांनीच पुढे ब्राझीलहून काजू इथे आणला. बोंडं आंबवण्याआधी थोडी मीठ लावून खावीत, असं माझं आग्रहाचं मत आहे.

आता पुन्हा क्लिनिकात येते.

मयेच्या बाजूचे एक पाडेली माझ्याकडे आले होते. पन्नाशी ओलांडलेले, माडावर चढण्यात सगळं आयुष्य गेलेलं. टाचेच्या वर चार बोटांवर टेंडन जाड झालेलं, दाबलं की कळ. कोणीतरी सांगितलं होतं की पूर्ण विश्रांती घ्या. त्यांनी अख्खा पावसाळा घेतली. चतुर्थीला नारळ पाडायला वर चढले आणि दुखणं दुप्पट झालं. त्यांना वाटत होतं की विश्रांती कमी पडली.

टेंडनची गोष्ट अशी की त्याला रक्ताचा पुरवठा बेताचा. टाचेच्या वरच्या त्या पट्ट्यात तर आणखी कमी. स्नायू आठवड्यांत फुगतो, टेंडन महिन्यांत बदलतं. आणि ते बदलावं की नाही याचा निरोप त्याला एकाच वाटेने मिळतो, तो म्हणजे ओढ. धागा ताणला गेला की त्याला चिकटून असलेल्या फायब्रोब्लास्टला ते कळतं आणि ती नवं कोलाजेन रचायला घेते. ओढ पडलीच नाही तर ती कशासाठी रचेल? महिनोन् महिने पाय टेकून बसलं की टेंडनचा दम कमी होत जातो, आणि मग एक दिवस पूर्ण शरीर त्याच्यावर टांगलं जातं. उलट, जोराचा भार दिल्यावर पहिला दिवस-दीड दिवस रचण्यापेक्षा मोडणं जास्त चालतं, मग रचणं वरचढ होतं. म्हणून रोज रोज दणकून भार दिला तरी नुकसानच. भार द्यायचा, मग मधे वेळ द्यायचा, मग पुन्हा थोडा जास्त भार.

"बाय, जिथं दुखतं तिथंच जोर कसा द्यायचा?" त्यांनी विचारलं. बरोबर प्रश्न होता.

"भाऊ, तुमच्या घराच्या सोप्याला पायरी आहे ना?"

होती. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, कठडा धरायचा. दोन्ही पायांनी टाचा वर. मग चांगला पाय उचलून घ्यायचा आणि फक्त दुखऱ्या पायावर अगदी सावकाश खाली उतरायचं, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये हा व्यायाम बारा आठवडे, दिवसातून दोनदा करून घेतला आणि बराच काळ दुखणारी टेंडनं बरी झाल्याचं दाखवलं. 2015 मध्ये डेन्मार्कमध्ये त्याची तुलना आठवड्यातून तीन दिवस, सावकाश पण जड वजनाने केलेल्या व्यायामाशी झाली, तर फळ सारखंच. कामकरी माणसाला मी दुसरी पद्धत देते. मधले दिवस मोकळे राहतात आणि टेंडनलाही ते मानवतं. भाऊंना पाठीवर पिशवी लावून तिच्यात तांदूळ भरायला सांगितले, आणि आठवडे जातील तसे तांदूळ वाढवले. थोडी कळ आली तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालच्याइतकीच हवी, वाढता कामा नये, हा एकच नियम. दिवाळी होऊन गेली तेव्हा ते पुन्हा माडावर होते.

त्यांचं टेंडन "नवं" झालं का? नाही, आणि मला संयोजी ऊतीतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. 1955 ते 1963 या काळात खुल्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि वातावरणातला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला, मग हळूहळू उतरला. तो झाडांत गेला, अन्नातून माणसांत गेला. त्यामुळे एखाद्या ऊतीतल्या कार्बनवरून ती कोणत्या साली घडली ते सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये माणसांच्या टाचेवरच्या टेंडनच्या गाभ्याची अशी तपासणी केली. त्यांना आढळलं की हा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे पन्नाशीतला पाडेली ज्या गाभ्यावर माडावर चढतो तो त्याच्या शाळेच्या वयातला. व्यायामाने गाभ्याच्या भोवती, कडेच्या भागात भर पडते, आणि ती भर भार वाटून घेते. दातांच्या लिगामेंटचा झपाटा आणि हा गाभा, दोन्हीत कोलाजेन एकाच जातीचं. एकाचं घड्याळ पळतं, दुसऱ्याचं सतराव्या वर्षी जवळजवळ थांबतं. म्हणून मला शाळेतली मुलं मैदानात धावताना दिसली की बरं वाटतं, आणि दिवसभर क्लास आणि मोबाइल बघितला की जीव कळवळतो. त्या वयात जे बांधलं जातं ते पुन्हा बांधायची संधी नाही.

गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची कथा आणखी वेगळी. आपल्याकडे फुटबॉल हा राज्याचा खेळ, पावसाळ्यात मैदान चिखलाचं, बुटाचे खिळे रुतलेले आणि वरचं अंग वळलेलं. कोणी हातही लावलेला नसतो आणि एसीएल, म्हणजे हेच गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, जातं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असलेली लिगामेंटं फाटली तर पुष्कळदा आपली आपण जुळतात. तिथे रक्ताची गाठ धरते आणि त्या गाठीच्या आधाराने पेशी पूल बांधतात. एसीएल सांध्याच्या आत, सांध्याच्या द्रवात बुडालेलं. तिथे गाठ टिकतच नाही, विरघळते. दोन टोकं समोरासमोर राहतात आणि मधे काहीच धरत नाही. म्हणून खेळणाऱ्याला मांडीमागचं टेंडन घेऊन नवं लिगामेंट बसवतात.

आणि इथे घाई होते. बसवलेलं टेंडन पहिल्या काही महिन्यांत आधी कमकुवत होतं. त्याच्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि ते हळूहळू लिगामेंटसारखं होत जातं. त्याला वर्ष, कधी त्याहून जास्त. पण मुलाला मात्र तिसऱ्या महिन्यात सूज नसते, दुखत नसतं, तो जिने उड्या मारत चढतो. माझ्याकडच्या एका पोराचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, व्यायाम मनापासून करत होता. पाचव्या महिन्यात गावच्या संघाची स्पर्धा आली. संघाला बचावाला माणूस कमी होता, "अर्धाच वेळ खेळ" म्हणाले. त्याच गुडघ्याचं बसवलेलं लिगामेंट पुन्हा तुटलं. तो माझ्यासमोर बसून रडला आणि मलाही दोन शब्द सुचले नाहीत. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं हे अभ्यासांतून स्पष्ट आहे. संघ चालवणाऱ्या सगळ्यांना मी हात जोडून सांगते, पोर म्हणेल "मी बरा आहे", तरी त्याला थांबवा. त्याला बरं वाटतंय हे खरं असतं. आत बांधकाम चालू आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

शेवटचा विषय मी मुद्दाम राखून ठेवला, कारण तो आपल्या राज्यात घरोघरचा आहे.

चाळिशी-पन्नाशीच्या बायका माझ्याकडे खांदा घेऊन येतात. "हात वयर वचना." केसांत अबोलीची फाती माळता येत नाही, मागचं हुक लागत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सांध्याभोवतीचं वेष्टण जाड होऊन आकसलेलं असतं. मी हात स्वतः उचलून बघते तेव्हा एका ठिकाणी तो अडतो, आणि ते अडणं स्नायूच्या विरोधासारखं नसतं, चामड्याचा पट्टा संपल्यासारखं असतं. मग मी खांद्याबद्दल पुढे काही विचारायच्या आधी विचारते, "साखर तपासलीत का?" पुष्कळ जणी म्हणतात, नाही. काहींना मधुमेह आहे हे खांद्यामुळेच कळलं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के आलं. सगळ्या राज्यांत सर्वाधिक. देशाचा आकडा 11.4. आपण डोळे, मूत्रपिंड, हृदय यांची काळजी करतो ती योग्यच. पण साखर कोलाजेनलाही चिकटते. विकरांच्या मदतीशिवाय, आपोआप, आणि शेजारशेजारच्या धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकते. धागे सरकायचे थांबतात, ऊती कडक होते. जे प्रथिन लवकर बदललं जातं त्याच्यावर ही साखर साठायला वेळ मिळत नाही. कोलाजेन वर्षानुवर्षं तिथेच असतं, म्हणून त्याच्यावर ती साठत राहते. एचबीएवनसी नावाची तपासणी आपण करतो तीही याच चिकटण्याची मोजणी, फक्त रक्तातल्या हिमोग्लोबिनवरची. लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून ती तपासणी तेवढ्याच मागचं सांगते. टेंडनांत आणि सांध्यांच्या वेष्टणांत मात्र फार जुना हिशेब लिहिलेला असतो, आणि साखर आज ताब्यात आणली तरी तो लगेच पुसला जात नाही. खांदा सुटायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात. सुटतो. मात्र रोज थोडा, दुखण्याच्या अलीकडे थांबून, हलवत राहावा लागतो. ओढाताण करून घेतलेला खांदा आणखी चिडतो, हे नातेवाइकांनी कृपया लक्षात ठेवावं. मालिशवाल्याकडे नेऊन हात कडाकडा फिरवून आणू नये.

हाताच्या बोटांतही हेच होतं, आणि ते घरी बघता येतं. छातीसमोर नमस्कार करा, कोपरं बाजूला उचललेली. तळवे आणि सगळी बोटं टोकापासून मुळापर्यंत एकमेकांना टेकतात का ते पाहा. काही जणांच्या बोटांचे फक्त शेंडे टेकतात आणि मधे, विशेषतः करंगळीच्या बाजूला, फट राहते. बोटांच्या मागची कातडी जाड, किंचित चकाकती लागते. याला दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला येत नाही. घरातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांकडून एकदा करून घ्या. तुम्हाला फट दिसली, किंवा खांदा कारण नसताना आखडत चाललाय असं वाटलं, तर एक्स-रे काढायच्या आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात साखर तपासून मिळते. रिपोर्ट घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. खांद्यासाठी मग माझ्याकडे या.